आम्ही म्हणजे कोण?

बोईसरच्या औषध कंपनीत गोळ्यांच्या स्ट्रिप भरणाऱ्या मशीनवर आम्ही दोघी होतो, मी आणि माझी बेटेगावची जोडीदारीण. दोघीही कंत्राटावर. ती फॉइलचा रोल लावायची आणि मशीनचा आवाज बिघडला की ओळखायची. मी रिकामा राहिलेला कप्पा हेरायची. फॉइल तिरकं गेलं की मी ओरडायची, ती मशीन थांबवायची. कोणाचं काम कुठे संपतं ते आम्ही कधी बघितलं नव्हतं.

मग कंपनीने त्या मशीनवर एक जागा कायम करायचं ठरवलं. एकच. म्हणजे एकीला नोकरी आणि दुसरीला नारळ.

मुलाखतीला साहेब एकटेच होते. "आपकी स्ट्रेंथ बताइए," म्हणाले. मेहनती, प्रामाणिक, वेळेवर येणारी, हे मी पाठ करून गेले होते. ते त्यांनी मान वर न करता ऐकलं. मशीनचा विषय निघाल्यावर मात्र मी सुटले. हम रोल लगाते हैं, हम आवाज पहचानते हैं.

"हम मतलब कौन? आप क्या करती हैं?"

आपली टिमकी आपण वाजवू नये, हे घरातून मुरलेलं. शिवाय सगळं मी एकटी करते म्हणणं खरंही नव्हतं. "हम दोनों, सर," मी म्हणाले.

"ठीक है, हम आपको बताएंगे," साहेब म्हणाले. त्यांच्याबरोबर दुसरं कोणी नव्हतं.

माझ्यामागून ती गेली आणि हसत बाहेर आली. "मी नुसतं मी-मी केलं गं. तुजं काम पन माज्याच नावावर सांगितलं."

जागा तिला मिळाली. मला राग आला, सपाटून आला. कंत्राट संपेपर्यंत मी डबा वेगळा बसून खाल्ला. तिला त्याचं काही वाटलं असेल तर तिने दाखवलं नाही.

पुढे तारापूरला एका कंपनीत तशाच मशीनवर जागा निघाली. ती बातमी घेऊन तीच माझ्या खोलीवर आली. चहा होईस्तोवर तिने माझी परीक्षा सुरू केली.

"रोल कोन लावतो?"

"तू."

"चूक. मी लावते, असं म्हन. आवाज कोन वलखतो?"

"अगं, ते तुझं काम."

"मग काय झालं? मला लागलं तवा तुजं घेतलं ना? आता माजं तू घे. मला तर लागली नोकरी."

रोल कसा बसवायचा, कुठल्या आवाजाला काय करायचं, ते तिने दोनदोनदा वदवून घेतलं.

तारापूरच्या साहेबांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही एकट्या करायचात?"

"हो, मीच करायचे," मी म्हणाले. पुढच्या सोमवारपासून या, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं.

गेटबाहेर येऊन तिला फोन लावला, तर 'मला घेतलं' म्हणावं की 'आपल्याला', तेच ठरेना.

"काय झालं? नाय घेतलं?" ती विचारत राहिली. "बोल ना गं. नाय घेतलं?"