जाडी प्रयाग, लुकडी प्रयाग

आमचा किशोरकाका महाडच्या एमआयडीसीत पॅनेलच्या वायरी जोडतो. दिवसभर वायरी जोडून घरी आला की काय करतो? वायरी जोडतो. तुळसाकाकी म्हणते, "आमच्या लग्नात अंतरपाट धरला नव्हता, हेनी इन्सुलेशन टेप धरली हुती." हे म्हणताना तिची उजवी भुवई वर जाते. ती गेली नाही तर वाक्यात मजा नाही.

या खेपेला मात्र कारण मोठं होतं. काकाच्या लेकीची, पूजाची हळद. आणि पूजाचा हट्ट, "डीजे नंतर. आधी प्रयागआत्या गाणार!"

प्रयागआत्या नात्यानं काकाची आत्या, हक्कानं सगळ्या वाडीची. पोलादपुरावरून आंबेनळी घाटाकडे चढायला लागलं की आमची वाडी. तिथे आत्या गायल्याशिवाय हळद लागली असं कोणी धरतच नाही. पण मागच्या वर्षी एका हळदीत मुंबईकर पोरांनी तिच्या तोंडाशी माइक नेला आणि बेस असा सोडला, की आत्या दुसऱ्याच ओळीला गप्प. मग कडाडली, "हा माजा आवाज हाय का पाण्यात बसलेली म्हस? पुन्यांदा माइकला तोंड लावायची नाय!"

आणि बिनमाइकचा आवाज तर आता ओटीच्या पुढे जात नाही. म्हणून काकानं पूजाला शब्द दिला, "आत्याचा आवाज आत्यासारखाच काढतो. एकदम क्लिअर-कट!"

त्यासाठी तो घरीच डिजिटल क्रॉसओव्हर बनवायला बसला.

"म्हंजी काय वो?" काकी.

"आवाजाची वाटणी गो. जाड आवाज खालच्या मोठ्या बॉक्सला, बारीक वरच्या भोंग्याला. ज्याचं त्याला."

"भावकीत जमली नाय ती वाटणी चिपमधी जमनार?"

"अगो, ही चिप कोरी असते. आत काय कुठं जोडायचं ते मी लॅपटॉपवर लिहिणार. चुकलं तर पुसायचं, परत लिहायचं. सोल्डरिंग नाय, चटका नाय."

"मग बोटाला फोड कसला?"

"...तो बोर्डाच्या बाहेरच्या वायरीचा."

वाटणी जमली, पण बॉक्स आणि भोंगा यांचा आवाज कानावर एकदमच पडायला हवा. म्हणून काकानं चिपमध्ये मोजणीही लिहिली. बॉक्समधून एक ठक, भोंग्यातून एक टक. समोरच्या माइकमधून ऐकून, ज्याचा आवाज आधी पोचेल त्याला चिपनं तेवढं रोखून धरायचं. महाडच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून करून बघितलं, अगदी झकास!

हळदीच्या दिवशी सगळं वाडीच्या अंगणात मांडलं. ठक. टक. हिरवा दिवा. काकानं अंगठा वर केला.

"एकच ओळ, आत्ये. नाय आवडली तर मीच वायर तोडतो."

आत्यानं पदर खोचला. "पूजाबाय नवरी गो, पाटावरी बसली..."

खालच्या बॉक्समधून एक जाडजूड बाई तिच्याबरोबर गायली. आणि मागोमाग वरच्या भोंग्यातून एक लुकडी बाई किंचाळली, "...बसली!"

आत्या गर्रकन वळली. "कोन हाय गो ती?"

"...गो ती?" लुकडी.

"मला चिडवतेस, सटवे?"

"...सटवे?"

अंगण आडवं झालं. पूजा पाटावर हसून हसून लवंडली. एकट्या काकाचं तोंड हळद लावण्याआधीच पिवळं. तो लॅपटॉपवरच्या मोजणीवरून बोट फिरवत होता आणि एकदम कपाळावर हात मारून ओरडला, "डोंगराला घेतलं मी वाटणीत!"

चिप मोजत होती शेवटचा ऐकू आलेला आवाज. महाडला भिंतीवरून परतणारा आवाज गोधड्यांनी गिळला होता. इथे बारीक टक झाडीत विरला, पण जाड ठक समोरच्या डोंगरानं परत पाठवला. बॉक्सच तिकडे डोंगरापाशी आहे असं समजून चिपनं बिचाऱ्या भोंग्याला रोखून धरलं होतं.

काका घाईघाईनं नवीन मोजणी चिपमध्ये भरायला बसला. इकडे आत्यानं भांडता भांडता सूर लावला. ओळ म्हणायची, जरा थांबायची. लुकडी शेवटचा शब्द उचलायची. आत्या मान डोलावून पुढची ओळ घ्यायची. तिची गाण्यातली जोडीदारीण काशीबाई लेकाकडे मुंबईला गेल्यापासून आत्याच्या मागे ओळ धरणारं कोणी उरलं नव्हतं.

"झालं!" काकानं बटण दाबलं.

आता आवाज आला तो अस्सल आत्याचा. गळ्यातली खरखरसुद्धा जागच्या जागी. काकाचे डोळे भरून आले.

आत्या मात्र थांबली. मान वर करून भोंग्याकडे बघत राहिली.

"किशोऱ्या, लुकडी कुटं गेली?"

"काढली, आत्ये. आता तूच तू."

"तुला कोनी सांगितलं रे मेल्या? आन तिला परत! मी काय एकटीच गाऊ?"

काकानं माझ्याकडे बघितलं, काकीकडे बघितलं. काकीची उजवी भुवई वर गेली.

मग त्यानं आपलीच चूक नीट, शाबूत, परत चिपमध्ये लिहिली. जाडी, लुकडी आणि खरी, तिघींनी मिळून पूजाला हळद लावली आणि डीजेवाला हृतिक खुर्चीत डुलक्या काढत राहिला.

काकाच्या बोर्डावर आता एक लाल बटण आहे. त्याच्याखाली मार्करनं लिहिलंय, 'लुकडी'. आणि हळदीचं बोलावणं आलं की आत्या आधी विचारते, "ती येनार हाय ना?"