टायमरला चोर ठरवणारा दुइसेनबाय

दुइसेनबाय ओतारबायेव आमच्या कंपनीत आला तेव्हा त्याच्याकडे एक टाय होता आणि दोन आठवड्यांच्या संगणक वर्गाचं प्रमाणपत्र. त्याआधी वीस वर्षं तो खाणकामगारांच्या क्लबात सिनेमाचं यंत्र चालवायचा. त्यात वाईट काहीच नाही. माझा बापही खाणीतच होता. पण दुइसेनबायने क्लबाचं नाव कधी काढलं नाही. "मी सिस्टीमचा माणूस," असं तो सांगायचा, आणि कारागांदाच्या अर्ध्या शहराला घरं तापवण्यासाठी नळांतून गरम पाणी पुरवणाऱ्या आमच्या कंपनीने त्याला सर्व्हरच्या खोलीचा प्रमुख केलं. त्या खोलीत अकरा वर्षं मी राबत होते. मला कुणी विचारलंही नाही.

सकाळी आला की मोठ्या पडद्यावर देखरेखीचा प्रोग्राम उघडायचा. आकडे भराभर बदलायचे. पाहुणे आले की हा हात मागे बांधून उभा राहायचा आणि मान डोलवायचा. त्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

त्या जानेवारीत त्याची नजर इंटरप्टच्या यादीवर पडली. कुठलं यंत्र प्रोसेसरला किती वेळा हाक मारतं, त्याची ती यादी. डिस्क, नेटवर्क कार्ड, कीबोर्ड, सगळ्यांची नावं. रकाना अरुंद, म्हणून लांब नावं शेवटी कापलेली. सगळ्यात वर 'cpu0:time', आणि पुढे सेकंदाला हजार.

"राउशान, हा बघ चोर!" तो ओरडला. "कोण हा टाइम? आपण असला कुठला प्रोग्राम टाकलाय?"

"अगाय," मी म्हटलं; वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे असंच म्हणतात. "तो टायमर आहे. शेवटचं अक्षर रकान्यात मावलं नाही. तोच सेकंदाला हजारदा प्रोसेसरला हलवतो, ऊठ, कोण थांबलंय बघ, म्हणून."

"हजारदा? एवढं कुणी कुणाला हलवतं? आणि खाली नेटवर्कच्या नावापुढे अधिकचं चिन्ह आहे, ते? वाढतोय तो!"

"त्या तारेवर आणखी एक यंत्र आहे. दोन्ही नावं मावत नाहीत, म्हणून चिन्ह."

"तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं गं. तू पंपांचे आकडे बघ."

आमचं मशीन बाहेरच्या जाळ्याला जोडलेलंच नव्हतं. चोर येणार कुठून? पण हे त्याला सांगून काय उपयोग!

दुपारी एक वाजता, मी बाउरसाकचे तळलेले गोळे आणि चहा घेऊन बसले असताना, त्याने कुठूनतरी आज्ञा शोधून टायमरचे ठोके कमी केले आणि मशीन बंद करून चालू केलं. आकडा खाली आला. "पकडला!" म्हणत तो सगळ्या मजल्यावर फिरून आला.

पण आमचं जुनाट मशीन वेळ त्याच ठोक्यांवर मोजायचं. ठोके घटले, मोजण्याची रीत तीच राहिली. घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडू लागलं.

पाच वाजता मला ते दिसलं. पडद्यावर चार वीस. मी दुइसेनबायकडे पाहिलं. तो फोनवर कुणाला तरी चोराची गोष्ट सांगत होता. मी कोट चढवला आणि घरी गेले. उद्या तोंडावर आपटेल, एवढंच मनात होतं.

पहाटे पाचला पाण्याचं तापमान वाढवायचं काम तेच मशीन करतं. सकाळी आठला त्याच्या घड्याळात पाचला दहा कमी होती. बाहेर उणे एकतीस. बालवाडीच्या बाई फोनवर रडत होत्या, "पोरं कोट घालून बसलीत हो, बोटं निळी पडलीत एकेकाची!"

मी दहा मिनिटांत सगळं पूर्ववत केलं. संचालिका गालिना बोरिसोव्ना त्सोय खोलीत आल्या. दुइसेनबायने टाय सरळ केला.

"व्हायरसने सूड घेतला, गालिना बोरिसोव्ना. आणि खरं सांगू? काल शेवटी मशीनवर राउशान होती."

असला माणूस! मी मशीनची नोंदच उघडली. एक वाजून चार मिनिटं, त्याचं नाव, त्याची आज्ञा.

गालिना बोरिसोव्नांनी ती दोनदा वाचली. "टेबल रिकामं करा," त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "घड्याळ मागे पडतंय हे तुला केव्हा कळलं?"

"पाचला."

"कालच्या?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने मी दोन वर्षं दुइसेनबायकडे पाहत आले होते.

खोलीची प्रमुख मी झाले नाहीच. तेमिरताऊहून एक माणूस आला, बरा आहे.

दुइसेनबाय उन्हाळ्यात बाजारात भेटला, कलिंगड ठोकून बघत होता. आता कुठल्याशा शाळेत संगणक शिकवतो म्हणे.

"तुमच्याकडे माझी कदर नव्हती," तो म्हणाला. "मुलांना मी तो हल्ला कसा परतवला ते सांगतो. डोळे विस्फारून ऐकतात."

"ऐकतील ना, अगाय," मी म्हटलं, आणि दुसऱ्या गाडीवरचं कलिंगड घेतलं.