लाईट गेल्यानंतरचं गाणं

मखमलाबादच्या रस्त्याला लागलं की शहर मागे पडतं, आणि गाडीची काच खाली केली की गंधकाचा वास येतो. द्राक्षांच्या पानांवर बुरशी चढू नये म्हणून बागांवर गंधकाची भुकटी मारलेली असते. सोबत कुणी असलं तर नाकाला रुमाल लावतं. मी मात्र काच आणखी खाली करते. हा उग्र, नाकात चुरचुरणारा वास माझ्यासाठी एका आवाजाचा वास आहे, आणि तो आवाज आता काही जुन्या कॅसेटमध्येच उरला आहे. त्या कॅसेट वर्षानुवर्षं बागेतल्या शेडमध्ये, गंधकाच्या गोण्यांशेजारी पडून होत्या. आजही डबी उघडली की आधी वास येतो, गाणं मागाहून.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत नाशकात चौघा पोरांचा एक रॉक बँड होता. गॅदरिंगला लोक हिंदी सिनेमातली गाणी मागायचे आणि हे चौघे हट्टानं स्वतःचीच मराठी गाणी वाजवायचे. पाटाच्या कडेनं सायकल दामटणाऱ्या मुलाचं एक गाणं होतं, थंडीत बागेत शेकोट्या पेटवून द्राक्षं राखणाऱ्यांचं एक. मागच्या रांगांतून शिट्ट्या यायच्या, त्या कौतुकाच्या नसायच्या. पण आम्ही मूठभर खुळे होतो, आणि आमचं खूळ पक्कं होतं. गाणारा इकडच्याच एका बागायतदाराचा मुलगा. आवाज घोगरा, वर गेला की किंचित फाटणारा. आता फाटतो की मग, या धास्तीतच त्याला ऐकायचं. त्यांचा एक अल्बम निघाला, थोडा खपला, बराचसा नातेवाइकांत वाटला गेला. दुसऱ्याची तयारी चालू होती, तेवढ्यात मालेगावचा कार्यक्रम आटोपून परतताना हायवेवर त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला. तो गेला आणि बँडही तिथंच संपला. आमचे केस पिकले, चष्मे लागले. तो मात्र पंचविशीतच राहिला.

त्यांच्यातला ड्रम वाजवणारा आता देवळाली कॅम्पात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. मागच्या वर्षी त्यानं कॅसेटची एक पिशवी माझ्या हातात ठेवली; गाणाऱ्याच्या बागेतल्या शेडमध्ये त्यांच्या तालमी व्हायच्या, तिथून ती त्यानं कधीतरी उचलून आणली होती. अल्बममध्ये न गेलेली, तालमीत टेपरेकॉर्डरवर धरलेली सगळी गाणी तिच्यात होती. ती ऐकणं त्याच्या जिवावर येत होतं आणि टाकवतही नव्हती. मी म्हटलं, या उरल्यासुरल्या गाण्यांचा अल्बम करू, आपल्यासारख्या खुळ्यांना नुसताच वाटू. त्यानं माझ्या हातातल्या पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाला, "नानांना विचार आधी. ते नाय म्हणले तर पिशवी परत आण."

नाना म्हणजे गाणाऱ्याचे वडील, गावच्या भजनी मंडळाचे म्होरके. विचारायचं भय वाटावं असं कारण होतं. त्या कॅसेट मुळात नानांच्याच होत्या. दर एकादशीचं भजन ते टेप करून ठेवायचे, आणि वर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची टिकली मोडून टाकायचे. पोरानं त्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि भजनांवर आपली गाणी भरली. कोऱ्या कॅसेटसाठी हात पसरण्यापेक्षा त्याला हे सोपं वाटलं असावं. नानांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत, त्यांनी बोलणंच सोडलं. मुलगा मालेगावला निघाला तेव्हाही बापलेकांत जेवलास का, निघतो, याच्या पलीकडे शब्द नव्हता. नंतर मंडळातले जुने साथीदारही एकेक करून गेले आणि नानांनी टाळ खुंटीला अडकवले ते अडकवलेच.

मी गाणी संगणकावर घेऊ लागले तेव्हा मला आधी वैतागच आला. एकही गाणं शेवटाला जात नव्हतं. त्या काळी खेड्यांकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसे. पोरं रंगात आलेली असायची आणि लाईट जायची. टेप घरघरत थांबते, आवाज चिरकून तुटतो, क्षणभर सगळं सुनं होतं, आणि त्या सुनेपणाच्या पलीकडून टाळ वाजतात. जिथवर लाईट होती तिथवरचं भजन पुसलं गेलं होतं, पुढचं तसंच राहिलं होतं. तिथं नानांचा भरदार, तरणा आवाज होता. मी ती शेपटं कापून गाणी नीटनेटकी केली, नानांना ऐकवायला एक तेवढं जसंच्या तसं ठेवलं आणि लॅपटॉप घेऊन शेडवर गेले.

दुपारची वेळ होती. नाना प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसले होते. मी लॅपटॉप एका पालथ्या क्रेटवर ठेवला. गाण्याआधी मुलगा घसा खाकरतो, ते त्यांनी ऐकलं आणि डोळे मिटले. गाणं चढत गेलं, आवाज आता फाटणार अशा जागी पोचला, आणि टेपमधली लाईट गेली. मग टाळ आले. नानांनी डोळे उघडले. इतकी वर्षं ते धरून चालले होते की पोरानं सगळं पुसलं. त्यांनी परत लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. टाळ कुणाचे, मागून झील कोण धरतंय, हे ते पुटपुटत राहिले. मी म्हटलं, बाकीच्या गाण्यांची शेपटं कापलीत, हेही साफ करीन.

"कापू नको पोरी," ते म्हणाले. मग बागेकडे बघत, सावकाश, "त्यो थांबतो अन् मी सुरू व्हतो. व्हायला पाह्यजे व्हतं उलटं."

 घरी परतताना गाडीतच रडले.

अल्बममध्ये गाणी टेपवर होती तशीच गेली. कापलेली सगळी शेपटं मी परत जोडली. पूर्वी वाटायचं, जुनं राखायचं म्हणजे त्यावरची धूळ झटकायची. आता वाटतं, काळानं ज्या जागी जे तोडलं ते तिथंच तुटलेलं दिसू द्यावं. आपल्या हाती एवढंच आहे. हे सगळं पटूनही मी एक गोष्ट केली. नानांचं भजन आधी घेतलं, त्यानंतर तो क्षणभराचा सुनेपणा, आणि मग मुलाचं गाणं. संगणकावर हे चुटकीसरशी होतं.

तो तुकडा अल्बममध्ये नाही, फक्त नानांच्या फोनमध्ये आहे. ड्रमवाला सांगत होता, बागेत फेरी मारताना नाना तो खिशात लावून ठेवतात, आणि भजन संपून मुलगा घसा खाकरला की असतील तिथं उभे राहतात.