रुगायाच्या गाडीचं माउंटिंग

क्लिपफाँटेन रस्त्यावरच्या सिग्नलला रुगायाने क्लच सोडला आणि माकडहाडाला खालून कुणीतरी गुद्दा घालावा तशी थाप बसली. गिअरचा दांडा हातातच उसळला. पुढच्या सिग्नललाही तेच. तिचं डोकं फिरलं, कारण महिनाभरापूर्वीच तिने गाडीचं सगळं काम करून घेतलं होतं.

रुगाया सॅमोडियन जन्मापासून बहिरी. अॅथलोनच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत ती गणित शिकवायची. दोन आसनांची, छत मागे घडी होणारी जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी तिने हौसेनं घेतली होती आणि शाळेला, बाजाराला, सगळीकडे तीच न्यायची. इंजिन तिला तळपायांतून, मांड्यांतून, गिअरच्या दांड्यातून कळायचं. गिअर कधी टाकायचा हे बघायला तिला काट्याकडे मान वळवावी लागत नसे.

त्या संध्याकाळी तिने ऐकू येणाऱ्या थोरल्या भावाला, इगशानला, शेजारी बसवून घराभोवती चक्कर मारली. थाप बसली की गाडी थांबवून ती त्याच्याकडे बघायची.

"मला तर काहीच ऐकू येत नाही," त्याने हातांनी सांगितलं.

"मग आपण दोघं सारखेच," ती खुणेनंच फणकारली.

दुसऱ्या दिवशी दोघं बोएता साली यांच्या गॅरेजात गेली. थोरल्या भावाला म्हणावं तसं सगळी वस्ती त्यांना बोएता म्हणायची. बोएतांनी इंजिनखाली जॅक लावून ते जरासं उचललं आणि डोकं आत घालून बोलायला सुरुवात केली. बोलले, हातवारे केले, फडक्याला हात पुसले, पुन्हा बोलले. तोंड इंजिनात, नाहीतर इगशानकडे. रुगायाला ओठ दिसले तरच शब्द कळायचे, आणि ओठ काही दिसेनात.

"काय म्हणतात?" तिने भावाला विचारलं.

"रबर फाटलंय."

"एवढा वेळ बोलले ते एवढंच?"

"इंजिन दोन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यातलं डावं फाटलंय. नवं टाकायचं. बाकी सगळी त्यांच्या तरुणपणाची बडबड आहे गं."

"ती बडबडही सांग. गाडी माझी आहे."

सुट्या भागांच्या दुकानात तर कहरच झाला. काउंटरवरच्या गोऱ्या, टकल्या माणसाने तीन जोड्या मांडल्या. एक साध्या रबराची, एक पिवळ्या कडक प्लॅस्टिकसारख्या पॉलीयुरेथेनची, एक निव्वळ धातूची. धातूची शर्यतीसाठी, ती त्याने स्वतःच बाजूला सारली. मग इगशानकडे बघून तो काहीतरी बोलला, तिच्याकडे बोट दाखवलं आणि हसला. मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही हसली. इगशानच्या चेहऱ्यावरही हसू आलं, ते त्याने घाईघाईने आवरलं.

"बोल," तिने खुणेनं बजावलं.

"तो म्हणतो, पिवळं घ्या. जन्मभर फाटणार नाही, इंजिन जागचं हलणार नाही. त्याचा एकच त्रास, गाडी फार गुरगुरते, लोक वैतागून परत आणतात. पण तुमच्या बहिणीला काय फरक पडतो? तिच्यासाठीच बनवलंय म्हणा ना."

तिला राग आला, पण त्याचं म्हणणं खोडता येईना. फाटणार नाही हे तर चांगलंच होतं. शिवाय दुकानातल्या प्रत्येकाचं तेच मत, भावाचंही तेच. तिने पिवळी जोडी घेतली.

बोएतांनी बसवून दिली. गाडी सुरू केली आणि रुगायाचे दात कडकडले. स्टिअरिंग, आसन, दार, पायाखालची पत्र्याची जमीन, सगळं एकदम थरथरायला लागलं. आजवर तिला एकटं इंजिन स्पष्ट कळायचं. आता भर लग्नाच्या मांडवात शंभर बायका एकदम बोलाव्यात तसं झालं, आणि त्यातलं इंजिन कुठलं ते ओळखू येईना. घरी जाईपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्याच्या जागी पहिला गिअर पडता पडता राहिला.

"सवय होईल," इगशान म्हणाला.

आठवडाभर तिने सवय करायचा प्रयत्न केला. मग एका सकाळी मोब्रेच्या चौकात लाल दिव्याला ती थांबली होती. उभ्या गाडीत आरसा असा थरथरत होता की मागचं सगळं नुसते रंगाचे फराटे. त्यातला एक फराटा लाल होता. कुणाच्या तरी ब्रेकचा दिवा असेल, असं तिला वाटलं. इतक्यात शेजारच्या मिनीबस टॅक्सीचा कंडक्टर उडी मारून उतरला आणि तिच्या बॉनेटवर दोन्ही हात आपटायला लागला. तिने मान वळवली. मागे अँब्युलन्स अडकून पडली होती, आणि किती वेळापासून, देव जाणे.

तिने गाडी फुटपाथवर घातली. अँब्युलन्स निघून गेली. भोंगा तिच्या कामाचा नव्हताच. आरसा हेच तिचे कान, आणि तेच तिने पैसे देऊन फोडून घेतले होते.

तशीच ती गॅरेजात गेली, या वेळी एकटी. गाडी चालू ठेवून बोएतांचं मनगट धरलं, त्यांना आसनावर बसवलं आणि आरशाकडे बोट केलं. परक्यांसमोर ती सहसा तोंडाने बोलत नसे; लोक दचकून बघायचे. आज बोलली.

"बघा, बोएता! मागे काय दिसतं?"

बोएतांनी डोळे बारीक केले. "नवीन आहे, पोरी. थोडं..."

"काय दिसतं?"

"काही नाही दिसत," ते म्हणाले. मग जरा चिडून, "पण तुला ऐकूच येत नाही म्हटल्यावर आम्हाला वाटलं..."

"आवाज तुमच्या कानात जातो. माझ्या हाडांत जातो. मला विचारलं कुणी?"

बोएतांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. पण रुगायाचं समाधान होण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुकानदार बसवलेला माल परत घेईना. स्वस्तातलं नकली रबर पुढच्या हिवाळ्यात फाटेल, असं बोएता म्हणाले. कंपनीचं अस्सल कधी येईल, कुणी सांगेना. मध्यम कडक रबराची एक जोडी डर्बनच्या एका दुकानात सापडली. ती तिने मागवली, तर खोक्यात दोन्ही डावीच. ती परत, दुसरी येईपर्यंत थांबा. तोवर गाडी दारात उभी, टॅक्सीतून हेलपाटे, आणि शाळेत रोज उशीर.

शेवटी एक डावं, एक उजवं अशी जोडी आली. बोएतांनी ती बसवली आणि तिच्या तोंडासमोर तोंड आणून, ओठ ताणताणून विचारलं, "आ-ता?" एवढे ओठ ताणले की काही कळेना. तिने अंदाजानेच मान हलवली.

रविवारी ती आईला घेऊन समुद्राच्या कडेच्या घाटात गेली. आईच्या मांडीवर गरम कोएसिस्टरचा, पाकात घोळलेल्या गोड वड्यांचा डबा होता, बोटांना पाक लागलेला. चढावर इंजिन पुन्हा एकट्याने पायात बोलत होतं, आणि आरशात मागची निळी गाडी, तिच्यातला दाढीवाला सुद्धा स्पष्ट दिसत होता. वळणावर थांबल्यावर रुगायाने आरसा नीट निरखला. कडेला बारीकशी थरथर अजून होती.

"अजून हलतंय," तिने आईला हातांनी सांगितलं. "आणि रबरच ते. तीन-चार वर्षांत फाटणार, की पुन्हा त्याच टकल्याच्या दारात उभं राहायचं. पुन्हा तेच सगळं."

आईने चिकट बोटं चाटली आणि खुणेनं सांगितलं, "आता हात खाली ठेव आणि चालव."

रुगायाने कपाळावरची आठी तशीच ठेवून पहिला गिअर टाकला.