सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर

माझं माहेर हैदराबादचं, सासर पुण्याचं. लग्नानंतर आम्ही हैदराबादेतच, नामपल्लीला राहायचो आणि मी घरीच कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगची कामं घ्यायचे. शहरात सॉफ्टवेअर कंपन्या धडाधड उघडू लागल्या, तसा माझा धाकटा दीरही पुण्याहून नोकरीला आला आणि आमच्याकडे उतरला.

त्या उन्हाळ्यात मी माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचं पुस्तक टाइप करत होते. इथली आपली पोरं घरात मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. म्हणून निवृत्त झाल्यावर बाईंनी स्वतः धडे लिहिले होते. जूनमध्ये शाळा उघडताच ते मुलांना द्यायचे होते.

एका रविवारी अर्ध्या धड्यांची छापील पानं बाईंना देऊन घरी आले, तर दीर माझ्या खुर्चीत.

"वहिनी, तुझा सी ड्राइव्ह गच्च भरला होता. सगळे प्रोग्राम उचलून डीवर टाकले. आता बघ कसा पळतो!"

मराठीचा प्रोग्राम उघडेचना. धड्यांच्या फाइली उघडल्या, तर अक्षरांच्या जागी नुसते कंस आणि फुल्या.

तो प्रोग्राम असा उचलून हलवायचा नव्हताच. त्याचा परवाना एका फ्लॉपीवर असायचा. आधी फ्लॉपी घालून प्रोग्राम रीतसर काढायचा, की परवाना फ्लॉपीवर परत येतो. मग तो दुसऱ्या ड्राइव्हवर नव्याने घालायचा. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं. वही कीबोर्डशेजारीच होती.

"मला विचारायचं तरी!"

"अगं, मी दिवसभर हेच तर करतो. थांब, परत टाकतो."

परत टाकूनही चालेना. मग त्याने फ्लॉपी घातली, तर परवाना आधीच वापरला गेलाय असा संदेश आला.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन कोठीच्या बाजारात गेले, जिथून प्रोग्राम घेतला होता त्या दुकानात. दुकानदाराने हैदराबादी हिंदीत विचारलं, "किने करे ये?"

दीर म्हणाला, "भाभी से हो गया."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भर दुकानात मी दिराकडे बोट दाखवून ओरडले, "मैं नै! इनो करे!"

दुकानदाराने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नवा परवाना कंपनीकडून मागवावा लागेल, महिना-दीड महिना धरा, म्हणाला.

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. मुद्दाम केलं का त्याने?"

"प्रोग्राम मुद्दाम नाही बिघडवला," मी म्हटलं, "पण खोटं मुद्दाम बोलला." यावर तो पेपर वाचू लागला. मला त्याचाही तितकाच राग आला.

संध्याकाळी मी दिराला बाईंच्या घरी नेलं. "सांग," म्हटलं.

"सॉरी मॅडम, जरा टेक्निकल प्रॉब्लेम झाला. तुमच्या फाइल्स करप्ट झाल्या."

बाईंनी चष्मा काढला. "झाला, झाल्या. या वाक्यांत करणारा कुठे आहे?"

तो माझ्याकडे बघू लागला.

"केलं कोणी?"

"मी केलं," तो खाली बघत म्हणाला. कान लाल झाले होते. मला जरासुद्धा दया आली नाही.

उरलेले धडे मी हाताने लिहिले. बाईंचा हात थरथरायचा, म्हणून त्या शेजारी बसून फक्त तपासायच्या. शाळा उघडली तेव्हा मुलांच्या हातात झेरॉक्स पडली: अर्धी पानं छापील, अर्धी माझ्या अक्षरातली. पण छापील पुस्तकाची बाईंनी किती वाट पाहिली होती, ते मला ठाऊक होतं.

परवाना आला तेव्हा शाळेत पहिली चाचणी होऊन गेली होती. प्रोग्राम डीवर मीच घातला. दिराला खोलीतही येऊ दिलं नाही. धडे सुखरूप उघडले, पण त्या वर्षी त्यांचा काय उपयोग?

दीर आता मोठ्या हुद्द्यावर आहे. घरच्या कार्यात तो हा किस्सा हसत हसत सांगतो, आणि सांगताना "प्रॉब्लेम झाला" असंच म्हणतो. मी उठून आत जाते.