कोरेश राजा आपल्यातला नव्हता

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहायला बसलो की दुसऱ्याच्या खुर्चीत न विचारता बसल्यासारखं वाटतं. राजे आणि देव यांच्यावर तर मी लिहूच नये. पण जे झालं ते माझ्याच हातून झालं, म्हणून सांगतो. चुकलं तर माफ करावं.

परतूरच्या कॉलेजात इतिहासाच्या सरांनी सेमिनारच्या विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या. मित्रांना निजाम, मराठे असे ओळखीचे विषय निघाले. मला निघाला 'ख्रिस्ती शास्त्रातला इराणचा राजा कोरेश'. सेमिनारमध्ये नापास म्हणजे साल वाया. आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधीच बजावलं होतं, "एक साल गेलं की पिशवी ठिव अन् काठी घे. मेंढरं वाट बघून राह्यली."

सरांनी दिलेलं जाड पुस्तक मी चार दिवस वाचलं. यहुदी लोक परमुलखात, बाबेल शहरात, बंदिवान होते. कोरेशने बाबेल जिंकलं आणि त्यांना सोडलं. घरी जा, आपलं मंदिर बांधा, म्हणाला. हे होणार, असं देवाचा निरोप सांगणाऱ्या संदेष्ट्याने आधीच सांगून ठेवलेलं. आणि तिथेच देव या राजाला म्हणतो, 'माझा मेंढपाळ'.

मी पुस्तक तसंच टाकून पळालो. आम्ही पिढीजात धनगर.

"अण्णा, इराणचा राजा आपल्यातला होता!"

अण्णा कोकराच्या खुरातला काटा काढत होते. "कोण म्हनतं?"

"देव."

"मंग बराबर असंल. मेंढरं किती होती?"

ते पुस्तकात नव्हतं.

दोन दिवसांत चुलत्याने कोरेशचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. अडलं फक्त फोटोवर. "राजा म्हनल्यावर मिशा असतीलच," चुलता म्हणाला. "माझाच टाकू."

सेमिनारला मी ठासून वाचलं, 'राजा कोरेश हा जन्माने धनगर होता.' वर्ग खो खो हसला. सर स्वतः ख्रिस्ती. ते हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "बाळा, मेंढपाळ म्हणजे लोकांना सांभाळून नेणारा. तो काही जातीचा दाखला नाही. आता खरा प्रश्न. हा राजा त्या देवाला ओळखतही नव्हता. मग त्या देवाचं काम त्याच्या हातून कसं झालं? सोमवारी उत्तर आण, नाहीतर गुण नाहीत."

घरी येऊन अण्णांना सांगितलं.

"आपल्यातला न्हाई?"

"न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल."

फ्लेक्स रद्द करायला त्यांनी मलाच चुलत्याकडे पाठवलं. चुलत्याने नवा फोटो काढून घेतला होता, त्यामुळे तो मला काय बोलला ते इथे लिहीत नाही.

दुसरं कुणी विचारायला नव्हतं, म्हणून सरांचा प्रश्नही अण्णांनाच विचारला. आम्ही शेतकऱ्यांच्या वावरात मेंढरं बसवतो. मेंढरांच्या लेंड्यांचं खत होतं, शेतकरी आम्हाला ज्वारी देतो. अण्णांनी वावरातल्या एका मेंढीकडे बोट केलं.

"तिला वाटतं, आपन पोटासाठी चरून राह्यलो. वावर कुनाचं, कापूस कुनाला होईल, तिला काय म्हाईत? बसवनाऱ्याला म्हाईत असतं."

"म्हंजे राजा मेंढपाळ न्हाई, मेंढरू?"

"मी कुठं म्हनलं? शिकलेला तू."

सोमवारी मी हेच, अण्णांचं नाव घेऊन, अडखळत सांगितलं. शेवटी म्हणालो, "सर, गादीवर राजा बसला, पण त्याला बसवणारा वेगळाच होता." वर्ग पुन्हा हसला. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग तीन आठवडे निकालाचं काहीच कळेना. अण्णा रोज विचारायचे, "आलं का काही?" त्या दिवसांत त्यांनी बाभळीची एक नवी काठी तासून भिंतीला टेकवून ठेवली. माझ्याच उंचीची होती. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

एका दुपारी मेंढरांना पाण्यावर नेलं होतं, तेव्हा वर्गातल्या मित्राचा फोन आला.

"लागला निकाल! पास झाला तू, वीसपैकी अकरा. अन् सर म्हनले, पुढच्या बारीला आधी वडलांना विचार, मंग लिही."