काचेवरचा कागद

मेलेल्या नवऱ्याला नावं ठेवणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. पण माझा अल्विन महाघुम्या माणूस होता, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढं सरकत नाही. चाळीस वर्षं त्यानं पंप चालवला. गावातल्या प्रत्येक गाडीची टाकी कुठल्या अंगाला आहे ते त्याला पाठ, पण स्वतःच्या मनातलं चार शब्दांत सांग म्हटलं की हा काउंटर पुसायला घ्यायचा. मी मात्र बडबडी. आमच्या घरातलं बोलायचं सगळं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी नको इतकं केलं.

आमचं गाव विल्का, नेब्रास्कातलं. चारी बाजूंना मका, मधून हायवे, आणि हायवेवर आमचा पंप. माझ्या सासऱ्यांनी तो उघडला. फलकावर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं, नुसतं ‘पोस्पिशिल’. ती अक्षरं दर दोन वर्षांनी अल्विन शिडीवर चढून स्वतः रंगवायचा. त्या दिवशी ज्या डेपोत भाव कमी असेल तिथून टँकर मागवायचा आणि गॅलनमागे तीन-चार सेंट स्वस्त विकायचा. कोणी विचारलंच, बाबा रे, बिननावाचं पेट्रोल चांगलं असतं का, तर म्हणायचा, सगळं एकाच पाइपातून येतं, कंपनीवाले वर थोडं औषध घालतात आणि नाव लावतात. एवढं लांब वाक्य तो दुसऱ्या कशावर बोलत नसे.

रोज सकाळी साडेसहाला मायलो सोबोट्का यायचा. शाळेपासूनचा अल्विनचा दोस्त, नदीपलीकडे त्याची शेती. दोघं खिडकीजवळ कॉफी घेऊन बसायचे आणि तासभर जवळजवळ काहीच बोलायचे नाहीत. शुक्रवारी मी खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमच्या चेक लोकांचे गोड पाव, करायची, तेव्हा मायलो म्हणायचा, ‘लिबी, तुझ्या हाताला गोडी आहे, तेवढी जिभेला असती तर!’ मी त्याला फडका फेकून मारायची.

आणि आमच्या दाराच्या काचेवर कागद असायचे. आमच्याकडे कोणी गेलं की एक कागद छापतात. माणसाचं नाव, कुठलं चर्च, किती वाजता. पूर्वी ते बँकेवर, पोस्टावर, सगळीकडे लागायचे. पण बँक बंद झाली आणि पोस्ट दिवसातून दोन तास उघडायला लागलं. मग कोण गेलं हे बघायला सगळा गाव आमच्याच दाराशी यायला लागला.

एका वर्षी ऐन मक्याच्या काढणीत कुठल्याशा रिफायनरीत बिघाड झाला. डेपोवाल्यांनी आधी आपापल्या नावाच्या पंपांना माल दिला. उरलं तर आमच्यासारख्यांना, आणि उरलं काहीच नाही. नऊ दिवस आमच्या पंपांच्या तोंडाला पिशव्या बांधलेल्या होत्या. शेतात यंत्रं उभी, आणि लोक डिझेलला तीस मैल जात होते. मायलोसुद्धा जात होता, पण सकाळी कॉफीला यायचा चुकला नाही. अल्विन नऊ दिवस खाली मान घालून बसला. मला ते बघवेना.

मीच हट्ट धरला, कंपनीचं नाव घे. नावाच्या पंपाला माल आधी मिळतो. कंपनीचा माणूस तर वर्षभर मागं लागलाच होता. नवं छत देतो, नवे पंप देतो, दिवे देतो, फक्त दहा वर्षांचा करार करा. अल्विन कागद घडी करून खिशात घालून फिरत राहिला. त्यानं मायलोला विचारलं, तर तो म्हणाला, ‘माल मिळेल रे. पण मग हा पंप तुझा नाही राहायचा. तू त्यांचा माणूस होशील.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, ‘सल्ला द्यायला तुझं काय जातंय, मायलो? तुझा मका तर निघाला.’

आठवड्याभरात अल्विननं सही केली.

खोटं कशाला बोलू, पहिलं वर्ष छान गेलं. छत असं झगमगायचं की पाच मैलांवरून दिसायचं. माल वेळेवर. हायवेवरच्या परक्या गाड्या थांबायला लागल्या. पण करारात नियमही होते. अल्विनला छापील शर्ट आणि छातीवर नावाची पट्टी. आयुष्यभर ज्यांना नुसती मान हलवली, त्यांना आता ‘आपलं स्वागत आहे’ म्हणायचं. घरचं खाणं काउंटरवर ठेवायचं नाही. आणि काचेवर एकही कागद नको. वर्षातून तीनदा कंपनीचा कोणीतरी गिऱ्हाईक बनून येणार, सगळं बघून मार्क देणार, आणि तो कोण हे कोणालाच कळणार नाही. दोनदा आम्ही नापास झालो. एकदा माझ्या कोलाच्यांपायी, एकदा अल्विननं नावाची पट्टी लावली नव्हती म्हणून. तिसऱ्यांदा झालात तर फलक काढून नेऊ आणि छताचा खर्च वसूल करू, असं पत्र आलं.

तेव्हापासून मी प्रत्येक परक्या माणसाकडे संशयानं बघायला लागले. गावातलं कोणी आलं तर जेमतेम बघायची, आणि अनोळखी कोटवाला दिसला की तोंडभर हसायची. आता आठवलं की स्वतःचीच किळस येते. मयताचे कागद आम्ही आत, कॉफीच्या यंत्रामागं लावायला लागलो. लोकांनी चार दिवस कुरकुर केली, मग गप्प बसले.

फेब्रुवारीत मायलोची बायको ऑल्गा गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद घेऊन आला. यंत्रामागं कुठं लावू, म्हणून विचारत होता. अल्विन काउंटरमागून बाहेर आला, त्याच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः दाराच्या काचेवर लावला, मधोमध. म्हणाला, ‘ऑल्गाचा इथंच लागणार.’ मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी एक शब्द बोलले नाही. मग मायलोनं त्याला विचारलं, शवपेटीला खांदा देशील ना, सहा जण लागतात. अल्विननं मान हलवली.

त्याच दुपारी एक राखाडी गाडी आली. बाहेरगावची नंबरपाटी, काळा कोट, चकचकीत बूट. माणूस पंपाशी उभा राहून टकामका सगळीकडे बघत होता. छताकडे, खिडक्यांकडे, दाराकडे. मग त्यानं खिशातून छोटी वही आणि पेन काढलं.

‘अल्विन, तो आलाय,’ मी म्हणाले. ‘कागद काढ.’

अल्विन हलला नाही.

‘पाच मिनिटं काढ, मग परत लाव. ऑल्गा काही रागावणार आहे का?’

हो, हे मी बोलले. ह्याच तोंडानं. तरी तो हलेना, तेव्हा मी म्हणाले, ‘मग छताचे पैसे तू कुठून भरणार तेही सांग.’ अल्विन दाराशी गेला आणि त्यानं कागद ओढून काढला. चिकटपट्टी घट्ट होती, एक कोपरा काचेवरच राहिला. पलीकडे दोन नंबरच्या पंपावर, डिझेल भरायला परत आलेला मायलो उभा होता. आम्हा दोघांनाही तो दिसला नव्हता.

कोटवाला आत आला. मी हसून स्वागत वगैरे म्हणाले. तो म्हणाला, मी डेन्व्हरहून आलोय, ऑल्गा सोबोट्का माझी मावशी. मायलोकाका म्हणाले होते, पंपाच्या दारावर कागद असेल, त्यावरून चर्चचं नाव आणि वेळ लिहून घे.

कागद अल्विनच्या मुठीत होता. त्यानं तो काउंटरवर ठेवला आणि तळहातानं सपाट करायला लागला. फाटला होता, पण तो करतच राहिला. तेवढ्यात मायलो आत आला. त्यानं डिझेलचे पैसे ठेवले, भाच्याला जवळ घेतलं, मग तो कागद उचलून घडी करून खिशात टाकला. म्हणाला, ‘काचा छान ठेवल्यास, अल्विन.’

रात्री मायलोच्या मुलीचा फोन आला. खांदा द्यायला भाचा आहे, तुम्ही त्रास घेऊ नका. तरी अल्विननं काळा सूट घातला आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला. पेटी शेजारून गेली तेव्हा तो उभा राहिला, आणि मी पाहिलं, त्याचा उजवा हात थोडा पुढं गेला होता.

खरा तपासनीस कधी येऊन गेला ते आम्हाला कळलंच नाही. महिन्याभरात पत्र आलं, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.

मायलो परत आला नाही. तो आमच्यावरून पुढं जाऊन चौदा मैलांवरच्या सोसायटीच्या पंपावर डिझेल भरायला लागला. मी अल्विनला कितीदा म्हटलं, जा, सांग त्याला, लिबीनं काढायला लावला. तो म्हणायचा, ‘काढला मी.’ बस, एवढंच. त्याच्या ह्या घुमेपणावर मी आदळआपट करायची. पण मला पाय होते, गाडी होती, आणि बोलण्यात तर मी कधीच कोणाला हार गेले नाही. मी का गेले नाही? खरं सांगायचं तर मायलोनं अल्विनवर रागावलेलं मला सोसत होतं. माझ्यावर रागावलेलं सोसलं नसतं. अशी सहा वर्षं गेली.

मागच्या पानगळीत अल्विन गेला. झोपेतच. आता कराराची दहा वर्षं भरत आलीत आणि कंपनीचा माणूस नवे कागद ठेवून गेलाय. एक स्वस्त मालवाला व्यापारीही येऊन गेला. म्हणाला, फलक उतरवा, नाव तुमचं लावा, जिथून परवडेल तिथून माल घ्या. मी दोन्हीकडचे कागद घेऊन मायलोच्या शेतावर गेले. त्याचा सल्ला विचारायचा म्हणून, असं स्वतःला सांगत गेले.

तो पेरणीच्या यंत्राखाली शिरला होता. बाहेर येऊन हात पुसत उभा राहिला. कागद माझ्या हातातच राहिले. मी म्हणाले, ‘मायलो, त्या दिवशी मी काढायला लावला. तो काढत नव्हता.’

‘माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘काचेतून तुझं तोंड हलताना दिसत होतं मला.’

‘मग सहा वर्षं...?’

‘मला वाटलं, येईल, म्हणेल की लिबीनं ऐकलं नाही. मी म्हणालो असतो, बायकोपुढं कोणाचं चालतं, आणि बसलो असतो कॉफी घेऊन.’ तो परत हात पुसायला लागला. ‘तुझं नाव घेणारा नव्हताच तो, हे मला कळायला पाहिजे होतं. निदान तू तरी यायचंस. सोसायटीत जाताना मी दर वेळी तुमच्यापाशी गाडी हळू करायचो, लिबी. कोणीतरी बाहेर येऊन हात करेल म्हणून.’

ती गाडी हळू होताना मी दर वेळी काउंटरवरून पाहिली होती. मला वाटायचं, आमचे भाव वाचतोय.